मागचं रेकॉर्डिंग पाहत होतो, बझर मात्र आत्ताचा वाजत होता

इतवारीकर (धागाकर्ता) – सोमवार, रात्री ११:१०

नागपूरला मस्कासाथच्या आतल्या गल्लीत आमचं ठोक किराण्याचं दुकान आहे. पुढे गाळा, मागे गोदाम. आठ कॅमेरे, एक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), आणि गल्ल्याच्या वर भिंतीला टीव्ही. गोदामाच्या मागच्या लोखंडी दाराला मॅग्नेटवाला स्विच लावलेला आहे, त्याची वायर डीव्हीआरच्या अलार्म इनपुटला. दार उघडलं की डीव्हीआर बीप-बीप करतो आणि त्या दाराचा कॅमेरा आपोआप टीव्हीभर मोठा होतो. दोन वर्षं छान चाललं.

गेल्या शुक्रवारी तूरडाळीचा एक कट्टा हिशेबात बसेना. दुपारी गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून मी आणि बाबा सकाळी गाडी खाली झाली त्याचं रेकॉर्डिंग पाहायला बसलो. साधारण ४:२० ते ५:०५. मधेच बझर वाजला. नेमकं त्याच वेळी टीव्हीवर, म्हणजे सकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये, हमाल मागचं दार उघडत होता. बाबा म्हणाले, "पाय, सकाळीबी वाजलंतं." मलाही ते पटलं. आम्ही पुढे पाहत राहिलो.

संध्याकाळी लक्षात आलं की १५ किलोचे तेलाचे दोन डबे मागच्या दारातून गेले. डीव्हीआरच्या लॉगमध्ये स्पष्ट नोंद आहे, दाराचा अलार्म, ४:४२. रेकॉर्डिंगही आहे. तोंडाला दुपट्टा बांधलेला एक माणूस, चाळीस सेकंदांचं काम. आम्ही दोघं त्याच्यापासून वीस फुटांवर बसून सकाळ पाहत होतो.

कट्टा सापडला. दुसऱ्या थप्पीत होता.

आता माझा प्रश्न. प्लेबॅक चालू असताना चित्र मोठं का झालं नाही? प्लेबॅक लावला की डीव्हीआर अलार्मकडे लक्ष देणं सोडतो का? बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "सेट बराबर हाय, तुम्ही पाहून राहिले होते नं." पाहत होतो हे खरंच आहे, त्यावर काय बोलणार.

तर्रीपोहा – सोमवार, रात्री ११:३२

हे तं भारी झालं भाऊ. चोरानं लाइव्ह चोरी केली अन् तुम्ही रिपीट टेलिकास्ट पाहून राहिले.

मजाक बाजूला. आमच्या मोठ्या बाबांचं पण सेम. बझर वाजला की ते टीव्हीकडे पाहतात, टीव्हीवर काय चालू हाय त्याचाच तो आवाज हाय असं धरतात. मी म्हणतो, तो आवाज त्या डब्ब्यातून येते, टीव्हीतून नाही. त्यायले ते काही पटत नाही. म्हणते, "डब्ब्यातूनच तं टीव्हीत येते नं सारं."

थ्रीप्लसवन – मंगळवार, सकाळी ७:४८

मी वाडीला राहतो, कॅमेरे बसवायचं काम करतो, अठरा वर्षं झाली. तुमच्या बसवणाऱ्याने उत्तर उडवून लावलं, पण तो खोटं बोलला नाही.

प्लेबॅक लावल्यावर डीव्हीआर काहीच सोडत नाही. रेकॉर्डिंग चालू राहतं. अलार्म इनपुट वाचणं चालू राहतं, मोशन डिटेक्शन, म्हणजे चित्रातली हालचाल ओळखणं, चालू राहतं. लॉगमध्ये नोंद पडते, बझर वाजतो, मागच्या रिलेला (विजेवर चालणारा स्विच) काही जोडलं असेल तर तो ओढला जातो, नेट असेल तर मोबाइलवर नोटिफिकेशन जातं. यातलं सगळं तुमच्याकडे झालेलं दिसतं. राहिली एकच गोष्ट, टीव्हीवरचं मोठं चित्र. ते 'लाइव्ह व्ह्यू' या पडद्याचं काम आहे. तुम्ही प्लेबॅकच्या पडद्यावर गेलात की ते दाखवायला जागाच नसते. मी हाताळलेल्या बहुतेक सेटवर असंच आहे. मेन्यू उघडा ठेवून गेलात तरी तेच होतं, हे फार लोकांना माहीत नसतं. रात्री सेटिंगचा पडदा तसाच सोडून शटर ओढणारी मंडळी मी पाहिली आहेत.

हिकव्हिजन कंपनीच्या सेटच्या मेन्यूत याला 'फुल स्क्रीन मॉनिटरिंग' म्हणतात. ते, 'ऑडिबल वॉर्निंग' म्हणजे बझर, 'नोटिफाय सर्व्हेलन्स सेंटर', ईमेल, आणि अलार्म आउटपुट, असे वेगवेगळे चौकोन असतात. प्रत्येक अलार्मला यातलं काय काय व्हावं ते आपण टिक करायचं. लोक पहिले दोन टिक करतात आणि थांबतात. पहिलं प्लेबॅकमध्ये दिसत नाही. राहतो तो बझर. बझर फक्त ओरडतो, कुठला कॅमेरा, कुठलं दार, ते सांगत नाही.

आणखी एक. दोन-तीन ठिकाणी एकदम अलार्म आले तर मोठी चित्रं पाळीपाळीने फिरतात, आणि अलार्म संपला की पडदा पुन्हा आपल्या जागी येतो. म्हणजे तुम्ही ५:०५ ला प्लेबॅक बंद केलं तेव्हा ४:४२ चं काहीही पडद्यावर उरलेलं नसणार. दार केव्हाच लागलं होतं.

नवखा_गोकुळपेठ – मंगळवार, सकाळी ९:१५

बावळट प्रश्न असेल, पण विचारतो. रेकॉर्डिंगमध्ये सकाळी दार उघडताना दिसतंय, तर ते पाहताना डीव्हीआर परत अलार्म देतो का? म्हणजे बाबांचं म्हणणं बरोबर असू शकतं का?

थ्रीप्लसवन – मंगळवार, सकाळी ९:४०

बावळट अजिबात नाही, अर्ध्या गावाला हाच प्रश्न आहे.

नाही देत. दाराचा अलार्म ही दाराच्या स्विचची गोष्ट आहे. दोन तारांमधला संपर्क तुटला किंवा जुळला की त्या क्षणी अलार्म. चित्रात दार उघडलेलं 'दिसलं' म्हणून काही होत नाही. मोशनचंही तसंच. कॅमेऱ्याकडून ताजं चित्र येत असताना हालचाल तपासली जाते आणि तेव्हाच शिक्का मारला जातो. नंतर पाहताना फक्त शिक्का दिसतो. खालच्या वेळेच्या पट्टीवर रंग पाहा. हिकव्हिजनमध्ये साधं रेकॉर्डिंग निळं, घटनेचं लाल. दाहुआ कंपनीच्या सेटच्या पट्टीवर साधं हिरवं, मोशनचं पिवळं, बाहेरच्या अलार्मचं लाल.

एक अपवाद वाटेल असं काम आहे, 'स्मार्ट सर्च'. चित्रात एक चौकोन आखायचा आणि त्या जागी केव्हा केव्हा हालचाल झाली ते मागच्या रेकॉर्डिंगमध्ये शोधायला सांगायचं. पण त्याचं उत्तर यादी म्हणून येतं. बझर वाजत नाही.

बर्डीचा_बाइट – मंगळवार, दुपारी १:०५

आयटीवाला आहे, कॅमेऱ्यांशी थेट संबंध नाही, पण एनव्हीआरची (नेटवर्क कॅमेऱ्यांचा डीव्हीआर) आतली बाजू थोडी माहीत आहे. मोठं चित्र प्लेबॅकवर का येत नाही याला एक सॉफ्टवेअरचं कारण आहे, ते वर आलंच. दुसरं कारण ताकदीचं आहे.

रेकॉर्डिंग एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने दाबून लहान केलेलं असतं. ते पडद्यावर दाखवायचं तर उलगडावं लागतं, आणि उलगडणाऱ्या चिपची मर्यादा ठरलेली असते. १६ कॅमेऱ्यांचा एनव्हीआर सोळाही कॅमेरे लाइव्ह दाखवतो, कारण छोट्या चौकोनात तो सबस्ट्रीम, म्हणजे हलकी प्रत दाखवतो. प्लेबॅकला आपण भारी प्रत मागतो. एकाच वेळी किती चॅनेल मागचे पाहता येतील याचा आकडा माहितीपत्रकात वेगळा लिहिलेला असतो आणि तो १६ पेक्षा कमी असू शकतो. चिप तिथे गुंतलेली असताना वरून अलार्मचं मोठं चित्र, तेही भारी प्रतीत, दाखवायचं म्हणजे ओढाताण. स्वस्तातला सेट ती करत नाही.

आणि मोठं चित्र आलं तरी ते लगेच येईलच असं नाही. उलगडायला पूर्ण फ्रेमपासून सुरुवात करावी लागते. सेकंदाला २५ फ्रेम आणि दर ५० फ्रेमनंतर एक पूर्ण फ्रेम असं सेटिंग असेल, तर दोन सेकंदांपर्यंत वाट पाहावी लागू शकते. उलटं फिरवताना चित्र टुणटुण उड्या मारतं त्याचंही कारण हेच.

सदरचा_सरळमाणूस – मंगळवार, दुपारी २:२०

तुम्ही सगळे कंपन्यांची बाजू घेताय. सरळ गोष्ट आहे, अलार्म आला की बाकी सगळं फेकून तेच दाखवलं पाहिजे. कशासाठी घेतला आहे तो डबा? जुनं पाहायला की चोर पकडायला?

थ्रीप्लसवन – मंगळवार, दुपारी ३:००

असे सेट मी हाताळले आहेत. अलार्म आला की प्लेबॅक बंद आणि लाइव्हवर उडी. एका ज्वेलरकडे होता. त्याला एका गिऱ्हाइकाच्या भांडणाचं फुटेज पाहायचं होतं. दुकानाच्या काचेच्या दारालाच मोशन लावलेलं. दर मिनिटाला कोणीतरी येणार, दर मिनिटाला पडदा उडणार, परत तारीख, परत वेळ, परत चॅनेल. तिसऱ्या वेळी त्यानं सगळे अलार्म बंद करून टाकले आणि पुन्हा चालू करायला विसरला. मला सहा महिन्यांनी कळलं.

माझ्या मते पडदा ओढून घेणं हे उत्तर नाही. एकाच पडद्याला दोन काळ दाखवायला लावणं हीच मूळ चूक.

सदरचा_सरळमाणूस – मंगळवार, दुपारी ३:११

मोशन दारावर लावणं ही त्या ज्वेलरची चूक. तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही.

थ्रीप्लसवन – मंगळवार, दुपारी ३:१४

मोशन मीच लावलं होतं. 🙂

मेसवाली_त्रिमूर्तीनगर – मंगळवार, दुपारी ४:५०

माझं थोडं वेगळं, पण बझरवरूनच. मुलींचं हॉस्टेल आहे, खाली मेस. डीव्हीआर ठेवलाय तो अभ्यासाच्या खोलीच्या भिंतीपलीकडे. रात्री पाली, किडे, इन्फ्रारेडच्या उजेडात कोळ्याचं जाळं हललं तरी मोशन. परीक्षेच्या दिवसांत मुली वैतागल्या, मी बझर सरसकट बंद केला. पुढे महिन्याभराने एका मुलीची सायकल गेली, रेकॉर्डिंग काढायला बसले तर तीन आठवड्यांचं काहीच नाही. हार्डडिस्क मेलेली. हार्डडिस्क खराब झाल्याचा अलार्मही त्याच बझरवर येतो हे मला कुठे ठाऊक होतं! आवाज तोच, मग कोळी हलला काय आणि डिस्क गेली काय.

आता मोशनचा बझर बंद, हार्डडिस्क आणि 'व्हिडिओ लॉस'चा (कॅमेऱ्याचं चित्र येणं बंद झालं की) चालू. ते दोन्ही 'एक्सेप्शन'च्या वेगळ्या पानावर सापडले. आणि महिन्यातून एकदा, गॅसच्या नंबराच्या दिवशी, मागच्या आठवड्यातलं कुठलंही पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग लावून पाहते. लागलं तर डिस्क जिवंत.

तर्रीपोहा – मंगळवार, संध्याकाळी ६:०२

ताई, कोळ्याचं जाळं तं ठीक. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर चालू झाला की झालं. कूलरच्या हवेनं पडदा हलते, पडदा हलला की मोशन. नवतप्यात दिवसभर मोबाइलवर टणटण टणटण. काहून पाहावं माणसानं? मी नोटिफिकेशनच बंद करून ठेवलं होतं.

थ्रीप्लसवन – मंगळवार, संध्याकाळी ६:३०

हा धाग्याच्या विषयाशी जोडलेलाच मुद्दा आहे. खोटे अलार्म जास्त झाले की माणूस खरा अलार्मही प्लेबॅकमधला आवाज समजून सोडतो. मोशनच्या पानावर चित्रावर बारीक जाळी येते. पडदा, झाड, टीव्हीचा पडदा, रस्ता, एवढे खण पुसून टाका. संवेदनशीलता एकेक पायरी खाली आणा. दहा मिनिटांचं काम आहे, पण बसवताना कोणी करत नाही. मीही घाईत असलो की करत नाही, खोटं कशाला बोलू.

गोदामाच्या दाराला मात्र मोशनपेक्षा मॅग्नेटच बरा, इतवारीकरांनी लावला तसा. फक्त तो कसा जोडलाय ते पाहून घ्या. दार बंद असताना सर्किट जोडलेलं आणि उघडल्यावर तुटणारं असं ठेवलं, तर कोणी वायर कापली तरी अलार्म येतो. उलट जोडलं तर वायर कापणाऱ्याचं फावतं. मेन्यूत एन.सी. (एरवी जोडलेलं) आणि एन.ओ. (एरवी तुटलेलं) असे दोनच पर्याय असतात, स्विच ज्या जातीचा त्याप्रमाणे निवडायचा.

जुनी_कॅसेट – मंगळवार, रात्री ९:२५

तुम्हा पोरांना हा प्रश्न नवा वाटतो. मी निवृत्त आहे, एका बँकेच्या सुरक्षा विभागात होतो. तेव्हा व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्डिंग व्हायचं. तीन तासांची ई-१८० कॅसेट, पण टाइमलॅप्स व्हीसीआरवर तीच २४ तास, १६८ तास, अगदी ९६० तासांपर्यंत ताणायची. मधल्या मधल्या फ्रेम तेवढ्या घ्यायच्या. अलार्म आला की यंत्र आपोआप तीन तासांच्या खऱ्या वेगावर यायचं आणि टेपवर खूण करायचं, म्हणजे नंतर खुणेपर्यंत पळवत जाता यायचं. तुमच्या लाल-पिवळ्या पट्टीची ती आजी.

आणि प्लेबॅक? कॅसेट एक, यंत्र एक. जुनं पाहायला बसलात की रेकॉर्डिंग बंद! अनेक कॅमेरे एका टेपवर बसवणारा मल्टिप्लेक्सर यायचा, तो 'सिम्प्लेक्स' असला तर एकतर रेकॉर्ड करा नाहीतर पाहा. 'ड्युप्लेक्स' घेतला आणि दोन व्हीसीआर जोडले तर एकावर रेकॉर्ड, एकावर पाहणं. पुढे डीव्हीआरच्या जाहिरातीत ट्रिप्लेक्स, पेंटाप्लेक्स असे शब्द आले. पेंटाप्लेक्स म्हणजे लाइव्ह, रेकॉर्डिंग, प्लेबॅक, नेटवर्क आणि बॅकअप, पाचही एकदम. आता सगळेच तसे असतात म्हणून तो शब्द कोणी उच्चारत नाही.

आमचा नियम होता. कॅसेट पाहायची तर मागच्या खोलीत, वेगळ्या यंत्रावर. समोरच्या पडद्यावर कधीही नाही. नियम कोणी शहाण्याने केला नव्हता, यंत्रानेच आमच्याकडून करून घेतला होता. यंत्र सुधारलं आणि नियम गेला.

बर्डीचा_बाइट – मंगळवार, रात्री ९:४१

काका, शेवटची दोन वाक्यं दंडवत घ्या.

तिसरी_पाळी – बुधवार, पहाटे ३:३५

बुटीबोरीला एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये आहे, आत्ताही ड्युटीवर. आमच्याकडे डीव्हीआर नाही, सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालतं. तिथे अलार्म पडद्यावर येऊन जात नाही, यादीत येऊन बसतो. कोणीतरी तो उघडेपर्यंत 'नवीन'. मग 'काम चालू', 'थांबवला', 'बंद'. माइलस्टोन हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना या पायऱ्या माहीत असतील. अलार्मवर क्लिक केलं की त्या वेळचं रेकॉर्डिंग आणि आत्ताचं लाइव्ह दोन्ही पाहता येतं. मी एका स्क्रीनवर मागचं काही शोधत असलो तरी शेजारच्या स्क्रीनवर यादी वाढताना दिसते.

इतवारीकर, तुमच्या डब्यात यादी आहेच, तिला फक्त 'लॉग' म्हणतात आणि ती स्वतःहून समोर येत नाही. प्लेबॅकमधून बाहेर पडलात की लगेच लॉग उघडायची सवय लावून घ्या. मेन्यूत जाऊन तारीख, प्रकार 'अलार्म', शोधा. बऱ्याच सेटवर नोंदीवरूनच तेवढं रेकॉर्डिंग लावता येतं.

दुसरं म्हणजे नुकतंच घडलेलं पाहायचं असेल तर पूर्ण प्लेबॅकमध्ये जाऊच नका. लाइव्ह पडद्यावर त्या कॅमेऱ्यावर क्लिक केलं की 'इन्स्टंट प्लेबॅक' येतं. हिकव्हिजनवर ते मागची पाच मिनिटं दाखवतं. तो एक चौकोन मागे जातो, बाकीचे सात आजच्यातच राहतात.

चहा आला, जातो.

काळाकोट – बुधवार, सकाळी १०:२०

सिव्हिल लाइन्समध्ये वकिली करतो. तक्रार दिली असेलच असं धरतो. दोन गोष्टी.

टीव्हीवर चालू असलेलं रेकॉर्डिंग मोबाइलने शूट करून पाठवू नका. पोलिसांना देण्यासाठी मूळ फाइल पेनड्राइव्हवर बॅकअपमधून काढा. ४:४२ चीच नको, आधीची आणि नंतरची पंधरा-पंधरा मिनिटं घ्या, आणि लॉगही काढून ठेवा. डिस्क भरली की जुन्यावर नवं लिहिलं जातं, म्हणून ते तुकडे डीव्हीआरवर लॉक करून ठेवता आले तर ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पूर्वीच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या जागी त्याचं कलम ६३ आहे. सोबतच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते.

प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे ज्या निकालात ठरलं तो आपल्याच राज्यातला आहे. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरण, सर्वोच्च न्यायालय, २०२०. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतला वाद. उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत आला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांवरून पाहायचं होतं. म्हणजे प्रश्न काही मिनिटांचा. तुमच्या डीव्हीआरचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते आजच मोबाइलशी ताडून लिहून ठेवा. लगेच दुरुस्त करू नका, आधी फरक लिहा, फोटो काढा, मग दुरुस्त करा.

इतवारीकर – गुरुवार, रात्री १०:४५

सगळ्यांचे आभार. तक्रार दिली आहे. घड्याळ तीन मिनिटं पुढे निघालं. म्हणजे चोरी ४:३९ ची. लिहून ठेवलं.

काल दुकान बंद झाल्यावर चाचणी केली. मी टीव्हीवर प्लेबॅक लावून बसलो, दुकानातल्या पोऱ्याला मागचं दार उघडायला पाठवलं, भाचा मोबाइलवर स्टॉपवॉच घेऊन उभा. बझर लगेच वाजला. मोबाइलवर नोटिफिकेशन सहा-सात सेकंदांनी आलं. टीव्हीवर काही म्हणजे काही झालं नाही. प्लेबॅक बंद केलं तरी काही नाही, पडदा असा शांत की दार उघडलंच नाही. लॉगमध्ये नोंद आहे, रेकॉर्डिंग दार उघडायच्या पाच सेकंद आधीपासून आहे. थ्रीप्लसवन म्हणाले तसंच, अक्षरशः.

सरळमाणूस यांच्यासाठी: बझर न थांबवता पुन्हा दहा वेळा दार उघडायला लावलं. दहाव्यांदा मलाच वाटलं, पडदा उडत नाही तेच बरं.

आता केलेले बदल. डीव्हीआरला टीव्ही जोडायला एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही आहेत, पण दोन्हींवर एकच चित्र येतं, त्यामुळे दुसरा टीव्ही लावून फायदा नाही. म्हणून वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकलं, मागचं पाहायचं ते तिथेच. जुनी_कॅसेट काकांचा नियम. आणि मागच्या रिलेला १२ व्होल्टचा हूटर लावला, गोदामात.

थ्रीप्लसवन – गुरुवार, रात्री ११:०२

हूटर किती अँपिअर खातो ते पाहून लावला ना? रिलेची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, ती छोटी असते. पुढेमागे कोणी २३० व्होल्टचा सायरन सुचवेल, तो थेट तिथे जोडू नका, मधे वेगळा रिले घ्या. आणि हूटर किती वेळ वाजावा तेही सेटिंगमध्ये आहे. हाताने बंद करेपर्यंत वाजत राहण्याचा पर्याय असेल तर दिवसा तोच ठेवा. वरच्या खोलीत असलात तरी खाली यावं लागेल.

इतवारीकर – शुक्रवार, दुपारी १:३०

अँपिअर पाहिले, ठीक आहेत.

एक गोष्ट राहिली होती, ती आज सापडली. नवखा_गोकुळपेठ यांनी विचारलं होतं बाबांचं बरोबर असू शकतं का, त्यावरून डोक्यात होतं. आमच्या गल्ल्याच्या कॅमेऱ्याला माइक आहे. डीव्हीआर त्याच्या खालीच. म्हणजे सकाळी दार उघडल्यावर वाजलेला बझर त्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज म्हणून आहे! लावून पाहिलं, टीव्हीतून तीच बीप-बीप येते, डब्यातून आल्यासारखी. बाबा अगदीच चुकत नव्हते.

मग शुक्रवारचं ४:४२ चं गल्ल्याचं रेकॉर्डिंग लावलं. आम्ही दोघं टीव्हीकडे तोंड करून बसलेलो, मागून टीव्हीत हमालांचा गलका ऐकू येतोय. स्वतःला स्वतःच रेकॉर्डिंग पाहताना पाहणं, विचित्र वाटतं.

बर्डीचा_बाइट – शुक्रवार, दुपारी १:४४

थांबा. तुम्ही तेव्हा साध्या वेगाने पाहत होता की पळवत होता? बऱ्याच सेटवर वेग वाढवला की आवाज बंद होतो. पळवताना बीप आली असेल तर ती रेकॉर्डिंगमधली असूच शकत नाही.

इतवारीकर – शुक्रवार, दुपारी २:५८

आत्ता परत पाहिलं. ४:४१ ला मी माउस घेतो आणि टीव्हीतला गलका एकदम बंद होतो, वेग वाढवला म्हणून. त्यानंतर दुकानात पंख्याचा आवाज तेवढा. पंचवीस सेकंदांनी बीप सुरू. बाबा टीव्हीकडे बोट दाखवतात.

बाबांना दाखवलं. दोनदा पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, "गोदामातला हूटर माइकमधे जाईल का?" गेला. वरच्या कॉम्प्युटरचे स्पीकर काढून ठेवले आहेत.